मास्तरांची दुमड

मास्तर म्हणजे शिंपीमास्तर. शाळेशी त्यांचा संबंध गणवेशापुरता. उभा जन्म कापडात गेला आणि गिऱ्हाइकाला एकच वाक्य तोंडपाठ: "उद्या या." त्या दोन शब्दांपायी दुकानाच्या उंबऱ्यावर त्यांच्या बायकोने लोकांची किती बोलणी खाल्ली, ते तिचं तिलाच ठाऊक. "पुढच्या जन्मी बिनपगारी नवरा चालेल, पण शिंपी नको," असं ती येईल त्याला सांगायची.

मग मास्तरांचे हात थरथरू लागले. सुईत दोरा जाईना. दुकान बंद झालं आणि मास्तरांनी घरामागच्या मोकळ्या जागेसाठी गवत कापायचा जुना ट्रॅक्टर आणला. ट्रॅक्टर कसला, चाकं लावलेली खुर्चीच ती! पोटाखाली दोन पाती गरगरतात आणि वर मास्तर राजासारखे बसतात. पण हल्ली तो गवत कापायचं सोडून नुसतं कुरतडायला लागला. बायकोने निकाल देऊन टाकला.

"रविवारी माळी येतोय. तोवर नीट चालला तर ठेवा, नाहीतर तो घेऊन जाईल. हौस झाली तेवढी पुरे."

सुई गेली, कात्री गेली. आपलं ऐकणारं हे एकच यंत्र उरलं होतं. तेही गेलं तर काय दिवसभर भिंतीकडे बघत बसायचं? पण हे बायकोपुढे बोलणार कोण!

"त्यात काय मोठंसं? शिलाईचं काय नि गवताचं काय, यंत्र ते यंत्रच," एवढंच ते म्हणाले.

शनिवारी सकाळी गळ्यात मापाची टेप अडकवून मास्तर कामाला लागले. टेपचं तिथे काय काम, ते विचारू नये. आधी प्लगची वायर काढली, म्हणजे इंजिन चुकून सुरू व्हायला नको; बोट तुटलं तर ते काही शिवून मिळत नाही. जुनं काळं तेल बादलीत सोडलं, नवं भरलं, हवेची जाळी झटकली. पुढची चाकं लाकडी ओंडक्यांवर चढवली. सुटलेला प्रत्येक नट बटणांच्या डब्यात गेला. खालच्या बाजूला वाळकं गवत असं घट्ट बसलेलं की मास्तर हात टेकून बसले. शेवटी बायकोच स्वयंपाकघरातून उलथनं घेऊन आली.

"सरका बाजूला. तुमच्याने जन्मात निघायचं नाही ते." आडवी पडून तिने सगळं खरवडून काढलं, पात्यांसकट. "आणि हे उलथनं आता तुमचं. मला नवं पाहिजे."

मग मास्तरांनी पाती उतरवली, कानशीने धार लावली, मधल्या भोकात खिळा घालून तोल पाहिला. इथवर झकास. आता पात्यांच्या टोकांना मागच्या कडेला दुमडलेले कान असतात. पातं बसवायचं कुठल्या बाजूने? मास्तरांना क्षणभरही प्रश्न पडला नाही. कापडाची दुमड कधी वर दिसते का? छे! दुमड खाली, सुलट बाजू वर. नट करकचून आवळले आणि समाधानाने हात धुतले.

रविवारी ट्रॅक्टर पहिल्या झटक्यात सुरू झाला. मास्तर ताठ बसून एक लांबलचक फेरी मारून आले. मागे वळून बघतात तो काय, गवत तेल लावून भांग पाडल्यासारखं आडवं झोपलेलं. दुसरी फेरी होईपर्यंत पहिलं पुन्हा उठून उभं!

बायको पायरीवर बसून पोट धरून हसत होती. "अहो, कापायचं होतं! इस्त्री करायला कोणी सांगितली?"

मास्तर हसले नाहीत. इंजिन बंद करून ते तसेच बसून राहिले, मांडीवरच्या हातांकडे बघत.

"संपलं गं," ते म्हणाले. "सुई गेली तेव्हा वाटलं, या हातांना अजून काहीतरी जमेल. आता मी कशाच्याच उपयोगाचा राहिलो नाही."

एवढ्या वर्षांच्या संसारात ते असं कधी बोलले नव्हते. बायकोचं हसू कुठल्या कुठे गेलं. ती वाकली आणि ट्रॅक्टरच्या पोटाखाली डोकावून बघू लागली.

"अहो, मी खरवडलं तेव्हा हे कान वरच्या अंगाला होते. तुम्ही पाती उलटी बसवलीत."

"दुमड वर?" मास्तर दचकले. "चारचौघांत दिसेल की ती!"

"कोणाला दिसेल? गवताला?"

मास्तरांनी कपाळावर हात मारला. मग टुणकन उडी मारून खाली उतरले. "अगं, मग उसवून परत बसवतो! डबा आण बटणांचा!"

तेवढ्यात फाटक वाजलं. माळी दोरखंड खांद्यावर टाकून आला होता. "वहिनी, नेऊ ना ट्रॅक्टर?"

मास्तर जागच्या जागी थिजले. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती फाटकापाशी गेली आणि फाटक अडवून उभी राहिली.

"काम जरा अर्धवट आहे," ती थेट मास्तरांच्या सुरात म्हणाली. "उद्या या."