वासाची हजेरी

प्रभाअक्का हजेरी नावानं घेत नसत, वासानं घेत. सकाळी संगणकाच्या पडद्यावर तिसरीची पोरं आपापल्या चौकटीत उगवली, की अक्का म्हणत, "घरात कसला वास येतोय? खोल श्वास घ्या आणि सांगा." मग कुणाकडे डोसा, कुणाकडे कॉफी, कुणाकडे बाबांचे मोजे. मोज्यांवर वर्ग खिदळायचा. शेवटी पोरं विचारायची, "अक्का, तुमच्याकडे?" अक्कांनी आपला वास सांगितला, की पुस्तकं उघडत.

आमची शाळा आंतरराष्ट्रीय. तिच्या माहितीपत्रकात घोडे होते, पोहण्याचा तलाव होता. साथ आली आणि घोड्यांसकट सगळ्याला कुलूप लागलं. उरलं ते शिक्षकांचं स्वयंपाकघर आणि पालकांचं जेवणाचं टेबल. मी पुण्याहून नुकतीच आलेली, एचएसआर लेआउटमध्ये एकटी राहणारी, अक्कांच्या वर्गावरची मदतनीस शिक्षिका. अक्काही एकट्याच, पण त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात मुरलेलं, त्यामुळे मराठी बोलताना मध्येच कन्नड डोकावायचं, 'बरं'च्या जागी 'सरी', 'बाळा'च्या जागी 'कंदा'. या वासाच्या प्रकरणात फार वेळ जातो, असं मी शहाणपणानं त्यांना सुचवलं.

"स्वल्प दम धर गं," त्या म्हणाल्या. "हजर म्हणणारं पोर हजर असतंच असं नाही. वास सांगितला की घर दिसतं. आई उठलीय का, चूल पेटलीय का, कळतं."

वर्ग सुटला की त्या घरोघर फोन लावत. शाळेकडून पालकांना लांबलचक सूचना जात, अक्का आधी एवढंच विचारत, "तू जेवलीस का?" त्यावर भल्याभल्या कंपन्यांत साहेबीण असलेल्या आया रडायला लागत. घरात लॅपटॉप एक आणि बसणारे तिघं असले, तर अक्का म्हणत, "सकाळी तू घे. तुझ्या पोराला मी दुपारी शिकवते." आणि खरंच शिकवत.

दुसऱ्या लाटेत त्या साध्या प्रश्नाची भीती वाटायला लागली. एका सकाळी व्हाइटफील्डची अन्वी म्हणाली, "आजी कांदा परततेय. पण मला वासच येत नाही." कुणी हसलं नाही. अक्कांनी वर्ग माझ्यावर सोपवून तिच्या आईला फोन लावला. ती माणसं नागपूरची. "एसीनं सर्दी झाली असंल जी," आई म्हणाली. अक्का म्हणाल्या, "सर्दी निघाली तर मी पेढे वाटीन. आधी आजीला वेगळ्या खोलीत ठेव आणि सगळ्यांच्या बोटाला ते यंत्र लाव." आजीचा ऑक्सिजन खाली घसरला होता आणि तिला काही जाणवतही नव्हतं. वेळेवर दवाखाना मिळाला म्हणून ती वाचली.

त्यानंतर अधूनमधून एखादी चौकट गप्प राहायला लागली. पोरं उत्तरं देत तेव्हा त्यांच्या खिडक्यांतून रुग्णवाहिकांचे आवाज येत. सकाळ झाली की मी आधी चौकटी मोजायची, आज कोण? एक मुलगा तर रोज डोसा सांगायचा आणि घरी सगळे तापानं पडलेले निघाले. अक्का त्याच्यावर रागावल्या नाहीत. "खोटी हजेरी लावू नये, कंदा," त्या म्हणाल्या. "अंगाशी येते."

तो दिवस मला अजून नको वाटतो. सगळ्यांचे वास सांगून झाले आणि पोरांनी नेहमीप्रमाणे विचारलं. "माझ्याकडे हिंग-जिऱ्याची फोडणी," अक्का म्हणाल्या. त्यांच्या पाठीमागे, ओट्याकडून, धुराची रेघ वर चढत होती.

"अक्का," अन्वी म्हणाली, "तुमचं दूध जळतंय."

अक्कांनी वळून पाहिलं. गॅस बंद केला. काळं पडलेलं पातेलं फडक्यानं उचललं, नाकाशी नेलं आणि तसंच धरून उभ्या राहिल्या. मग येऊन खुर्चीत बसल्या.

"सरी," त्या म्हणाल्या. "मी खोटं सांगितलं. मला वास येत नाही. अन्वीनं बरोबर पकडलं. आता पुढचं पान काढा."

तास त्यांनी पुरा केला. दुपारी मी फोनवर भांडलेच. कधीपासून येत नाही, हे त्या सरळ सांगेनात. शेवटी म्हणाल्या, "झाले थोडे दिवस. आठवणीनं सांगत होते गं. मी आजारी म्हटलं तर पोरं घाबरली असती. आणि घरोघर फोन कुणी केले असते?" बोलताना त्यांना दम लागत होता. दुसऱ्यांच्या बोटाला यंत्र लावायला सांगणाऱ्या बाईनं स्वतःच्या बोटाला ते लावलंच नव्हतं. मला त्यांचा भयंकर राग आला. तो अजून पुरता गेलेला नाही.

वर्गातले आईबाप दिवसभर फोनला चिकटून बसले. एरवी एकमेकांना ओळखही न देणारी माणसं अक्कांसाठी खाट शोधत होती. ती मिळाली शहराबाहेर, आनेकलच्या बाजूला. तिथून अक्कांचा एकदाच फोन आला. "उद्यापासून हजेरी तू घे."

"मला नाही जमायचं, अक्का."

"नाव घेत बसू नको. वास विचार."

मी काही दिवस विचारला. मग एका पहाटे अक्का गेल्या. त्यांच्याजवळ जायला कुणालाच परवानगी नव्हती.

सकाळी पडदा उघडला तेव्हा एकूण एक पोर हजर होतं. आईबापांनी सांगितलेलं होतं, तोंडांवरून कळत होतं. प्रश्न मला विचारावाच लागला नाही. पोरांनीच सुरुवात केली. सांबार. उदबत्ती. ओलं गवत. प्रत्येकानं आधी खरोखर श्वास ओढून पाहिला. सगळ्यांचं झालं, तरी कुणी पुस्तक काढेना.

"मॅम, तुमची हजेरी राहिली," अन्वी म्हणाली.

फोडणी म्हणणं सोपं होतं. मी ओट्याकडे पाहिलं. अक्का माझ्या नात्याच्या ना गोत्याच्या, तरी त्या सकाळी गॅस पेटवायला माझा हात धजला नव्हता.

"आज माझ्याकडे चूल पेटली नाही," मी म्हणाले.

अन्वीनं मान हलवली. "सरी," ती म्हणाली, आणि पोरांनी पुस्तकं उघडली.