शकीलभाईचा पांढरा रुमाल

शकीलभाई खोटारडा होता.

गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये, कळतं मला. आज दुपारीच त्याला माती देऊन आलोय. हातपाय धुतले आणि फोन घेऊन बसलो.

कनेरगाव नाक्यावर त्याचं गॅरेज. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. भंगारातली एक टू-स्ट्रोक मोटरसायकल त्याने माझ्यासाठी उभी केली आणि आम्ही मातीच्या ट्रॅकवरच्या रेसमध्ये उतरायला लागलो. चालवायचो मी, बाकी सगळं तो.

दुसऱ्या टीमचे मिस्त्री ट्रॅकच्या कडेला पाटी धरायचे, वर काहीबाही लिहून. शकीलभाईचं अक्षर त्याचं त्यालाच लागायचं नाही. म्हणून आमचे रुमाल.

लाल म्हणजे मागचा चिकटलाय, रेस दे.

पांढरा म्हणजे मागचा लांब आहे, सावकाश.

हेल्मेटमध्ये काही ऐकू येत नाही. मागं वळून बघावं तर गाडी घसरते. माझ्या पाठीमागचं सगळं मी त्याच्या हातावर सोडलेलं होतं.

एका वर्षी सीझनची शेवटची रेस आपल्याकडेच होती. सेनगाव रोडला, सोयाबीन निघालेल्या वावरात जेसीबीने ट्रॅक काढलेला. मी आणि अकोल्याचा एक पोरगा, दोघांचे पॉइंट बराबर. त्या दिवशी जो पुढं राहील तो चॅम्पियन. आणि चॅम्पियनला पुण्याच्या टीममध्ये जागा.

शेवटचा लॅप. मी पुढं. वळणावर शकीलभाई.

हातात पांढरा.

मी रेस कमी केली. आता फक्त शेवटच्या जंपवर पडायचं नाही, एवढंच डोक्यात.

अकोल्याचा पोरगा आतल्या बाजूने निघून गेला. पुढं पन्नास पावलांवर झेंडा होता.

शकीलभाई माझ्याआधी रडला.

"धुळीत दिसलंच न्हाई रे विजू. आंधळा झालो मी."

मीच त्याची समजूत काढली. त्याला पाणी पाजलं. लोक काय काय बोलले. माझा सख्खा भाऊ म्हणाला, "तो फितूर झाला." मी भावाशी दोन वर्षं बोललो नाही. कुणासाठी? या माणसासाठी.

पुढच्या वर्षी त्या रेस भरल्याच नाहीत. मी एसटीत लागलो. हिंगोली-वाशिम. रेस खेळणारा माणूस स्पीड लॉक असलेली लाल गाडी चालवतो, हसा खुशाल. कनेरगावला गाडी थांबली की तो ड्रायव्हरच्या खिडकीतून चहा द्यायचा.

"ड्रायव्हरसाब, पुढं जंप हाय. संभाळून."

बारा वर्षं ही एकच कॉमेडी. आणि मी बारा वर्षं हसलो.

मग त्याचं लिव्हर खराब झालं. दिवाळीनंतर घरी भेटायला गेलो. भाभींनी चहा आणून ठेवला. त्या आत गेल्यावर तो म्हणाला, "विजू, त्या दिवशी मले दिसलं होतं."

"काय?"

"मागचा. साफ दिसला. लाल रुमाल खिशातच होता."

मला वाटलं, औषधाची गुंगी असेल.

"मग काढला काहून न्हाई?"

"तू पुण्याला गेला असता. परत आला असता काय? मी इथं पंक्चर काढत बसलो असतो. तुझ्याबिगर काय होतं मपल्याकडं?"

मी चहाचा कप तसाच ठेवून उठलो. "विजूभाई, चाय तो पी लो," भाभी दारापर्यंत आल्या. मी चप्पल घातली.

पैसे खाल्ले असते तर सोपं गेलं असतं. शिव्या घालून मोकळा झालो असतो. यानं तर माझ्यावर जीव होता म्हणून माझं आयुष्य नाक्यावर बांधून ठेवलं. आणि वर बारा वर्षं चहा पाजला.

त्याचे फोन आले, उचलले नाहीत. ड्युटी तीच, रस्ता तोच. कनेरगावला गाडी थांबली की गॅरेजकडे मान वळवायची नाही, हे ठरवूनच टाकलं. समोरच्या काचेतून बघायचं, बेल वाजली की निघायचं. चार महिने.

आज त्याची मुलगी सना भेटली. रडून आवाज बसलेला.

"चाचा, तुमच्या गाडीच्या टायमाला अब्बू रोज बाहेर खुर्ची टाकून बसायचे. उठता येत नव्हतं, तरी. हातात लाल रुमाल. मी इचारलं, हे काहून धरून बसता? तर म्हणले, त्याला समजते."

 

शकीलभाई, तुझा लाल रुमाल मला दिसला नाही. धूळ नव्हती. रस्ता डांबरी आहे. मी बघितलंच नाही.

माफ केलं असं इथे लिहिणार नाही. ते खोटं होईल, आणि आपल्या दोघांत एक खोटारडा पुरे झाला. राग आहे. तो उद्या सकाळी कनेरगावला गाडी थांबेल तेव्हाही असेल. खिडकीशी चहा नसेल.

पण तुझ्या हातातला रुमाल बघूनच मी गाडी चालवायला शिकलो, हेही खरंच आहे.

जा, शकीलभाई. सावकाश जा.

मागचा लांब आहे.