मचाणावरच्या ताजणे बाई

ताजणे बाई कुठलीही वस्तू हातात देत नसत, फेकत. आमच्याकडे भाड्याने खोली बघायला आल्या त्या दिवशीचीच गोष्ट. खोली बघून झाल्यावर मी अंगणातून म्हटलं, "बाई, तेवढी किल्ली द्या," तर किल्ली हवेतून आली आणि बरोबर माझ्या ओच्यात पडली. "घाबरू नका हो, हिशेबानं फेकते मी," म्हणाल्या.

बाई कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. बसणं म्हणून त्यांना ठाऊक नव्हतं. जेवण उभ्यानं, चहा ओसरीवर फेऱ्या मारत. "अहो, टेका की जरा," म्हटलं की म्हणायच्या, "वहिनी, थांबलेल्या वस्तूवर गणित काय घालणार?" बघणाऱ्यालाच धाप लागायची.

बाई येऊन तीन वर्षं झाली, त्या वर्षी माझी सुनीता बारावीला याच फिजिक्समध्ये नापास झाली. ऑक्टोबरात पुन्हा परीक्षा होती. पण हे गेल्यापासून घरात थोरल्या दिरांचा शब्द चालायचा, आणि भाऊजींनी बेल्ह्याच्या बैलबाजारात एका पावण्याशी तिच्या लग्नाचं बोलणंही करून ठेवलं होतं. "आता परत नापास झाली तर उजवून टाकायची. लई झालं शिक्षण," असं मला तोंडावर सांगितलं. तेव्हापासून माझा जीव काही जागेवर नव्हता. भाकरी तव्यावर करपायची आणि मी दाराकडे बघत असायची.

बाजरी दाण्यात आलेली. सुनीता दिवसभर मचाणावर गोफण घेऊन पाखरं हाकायची, मांडीवर पुस्तक. एकदा मी भाकरी घेऊन गेले, तर बाई पदर खोचून मचाणावर चढलेल्या! मचाण डुगडुगत होतं आणि बाई त्यावरही येरझाऱ्या घालू बघत होत्या.

"दगड आडवा मारला, खाली पडायला वेळ किती?" बाईंनी विचारलं.

"जोरात मारल्यावर जास्तच लागंल की. जोराचा धोंडा लांब जातोय, मंग उशिरा पडंल."

"तिथंच तुझं घोडं पेंड खातंय. फेकायचा वेग तू पडायच्या समीकरणात घालतेस. वहिनी, खाली थांबा आणि कान द्या!"

मचाणाखाली खळ्यासाठी जमीन चोपून सपाट केलेली होती. बाईंनी एक ढेकूळ नुसतं सोडायचं, सुनीतानं त्याच वेळी दुसरं हातानं समोर भिरकावायचं. पहिल्यांदा तिचं ढेकूळ वर गेलं. "वर नाही गं बये, सरळ आडवं! पाखरू नाही मारायचं." दुसऱ्यांदा मी डोळे मिटून घेतले. धप्प! आवाज एकच. एक ढेकूळ माझ्या पायाशी फुटलेलं, दुसरं पार बांधाजवळ.

"आगं बया!" सुनीता वरून ओरडली. "आई, दोनी संगंच पडली?"

"संगंच," मी म्हटलं.

"मग आता मांड," बाई म्हणाल्या. "उभ्याच्या ओळीत सुरुवातीचा वेग शून्य. उंचीवरून वेळ काढ. तो वेळ आडव्याच्या ओळीत ने, फेकल्याच्या वेगानं गुण, किती लांब पडलं ते आलं. उभ्याचं उभ्यात, आडव्याचं आडव्यात. दोघांत सारखा असतो तो फक्त वेळ."

मी चौथी शिकलेली बाई, पण ते मला कळलं. रात्रंदिवस घरात तेच चालायचं. चुलीपुढे बसूनसुद्धा मी विचारायची, "उभ्याचं काय आलं गं?"

परीक्षा झाली. निकालाआधीच बाईंची बदली आली. आम्ही दोघी एसटीपाशी गेलो, पेरूंची पिशवी दिली. गाडी हलली, वेग धरला. आमच्यासमोर खिडकी आली तशी बाईंनी एक पेरू काढून नेमका माझ्याकडे फेकला. डोळे भरलेले होते त्यांचे. मी ओंजळ पुढे केली, पण पेरू माझ्या हाताला लागलाच नाही. चांगला पुढे जाऊन धुळीत पडला.

इतक्या वर्षांत बाईंचा नेम चुकलेला मी पहिल्यांदा पाहिला.

सुनीता रडत होती, तशीच डोळे पुसत म्हणाली, "आई, बाईंनी गाडीचा वेग हिशेबात धरलाच न्हाई. पेरूला तो आधीच व्हता."

घरी आल्याबरोबर मी भाऊजींना म्हटलं, "पावण्यांना नाही म्हणून कळवा."

"का? निकाल लागला का?"

"लागला," मी म्हटलं, आणि धुळीतून उचलून आणलेला तो पेरू धुवायला घेतला.