कुंकवाखालचं पत्र

आई गेल्यावर घरातलं मोडी कागदांचं दप्तर मी ग्रंथालयाला देऊन टाकलं. काल तिथल्या मोडी वाचणाऱ्या बाईंनी त्यातलं वरचं पत्र टेबलावर उलगडलं. त्यावरचे कुंकवाचे डाग दिसले आणि नाकात झेंडूचा, कापराचा वास शिरला.

श्रीवर्धनच्या आमच्या घरी दसऱ्याला हे दप्तर पाटावर मांडलं जायचं. मोडी कुणालाच येत नव्हती. मी लहान असताना एका दसऱ्याच्या सकाळी आईनं ओल्या कुंकवाचं बोट वरच्याच कागदावर ठसठशीत उठवलं, गेल्या वर्षीच्या डागाशेजारी.

"काय लिहिलंय गो आई, यात?"

"वाडवडिलांचं हाय ते. वाचायचं काय त्यात? पाया पड."

मी पाटावर डोकं टेकवलं. मागच्या सुपारीच्या बागेतून गार वारा येत होता. फार पवित्र वाटलं होतं मला.

"कुंकवानं अक्षरं खाल्लीत," बाई म्हणाल्या. "म्हसळ्याला दिलेल्या मुलीनं माहेरी धाडलेलं पत्र आहे. वरचा मायना आणि शेवट तेवढा लागतो."

"काय आहे?"

"फार मारतात. मला न्यायला या."

बाईंनी सगळं दप्तर वाचून काढलं होतं; कुणी गेलं का, ते त्यातल्या कुठल्याच कागदात नाही. पूजा मात्र आमच्या घरानं एकाही वर्षी चुकवली नाही.