पेशीची कात्री

नव्वदच्या दशकात माझा मुलगा सारखा आजारी पडायचा. कान वाहायचा, मग न्यूमोनिया, तो बरा झाला की पुन्हा कान. मी तारापूरला अणुवीज केंद्रात नोकरीला. जवळच्या घिवली गावातली माझी सासू सुकट विकायची आणि तोंडावर बोलायची, "जावय, त्या ॲटोमिकमधून तुमीच घरी आणलाय हा रोग." मी तिला छातीवरच्या बॅजचे आकडे सांगे. दर महिन्याची किरणांची नोंद मर्यादेच्या खूप खाली असे. "आकडे तुमचे, मोजणारे पण तुमचेच!" ती म्हणे. झोप मात्र माझी उडायची.

शेवटी मी आणि बायकोने मुलाला मुंबईला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याच्या रक्तात रोगाशी लढणारी प्रतिपिंडं जवळजवळ नाहीत. ती बनवणाऱ्या पेशी जनुकांचे तुकडे तोडून जोडतात. तिथेच अडलंय."

मी 'तोडून' एवढंच ऐकलं. किरणं पेशीत काय करतात, हे आम्हाला याच शब्दात शिकवलं होतं. मी विचारलं, "किरणांच्या किती डोसला तुटतं?"

"अहो, डोस कसला? ही तोड पेशी स्वतःच्याच कात्रीने करते. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या अस्थिमज्जेत. प्रतिपिंडात मोठी आणि छोटी अशा साखळ्या असतात. पेशी आधी मोठ्या साखळीच्या जनुकाचे तुकडे जुळवते. जुळणी बरोबर बसली की आतून खूण मिळते. कात्री थांबते, त्या जनुकाची दुसरी प्रत बंद राहते. त्या एका पेशीच्या अनेक पेशी होतात, मग कात्री छोट्या साखळीकडे वळते. याच्यात मोठी साखळी जुळते, पण खूण पुढे पोचत नाही. पेशी तिथेच थबकते."

"मग हे आलं कुठून?"

"आईकडून येतं, होतं मात्र मुलग्यांनाच. आईला स्वतःला काही होत नाही. याच्या मामांपैकी कोणी लहानपणी गेलं?"

बायको खाली बघत म्हणाली, "माझे दोन भाऊ. तापाने."

बाहेर आल्यावर ती एवढंच बोलली, "आईला नका सांगू. तिला वाटेल, दोन्ही पोरं तिनेच मारली."

बोईसरला आमच्या घरी सासू वाट बघत बसली होती. "काय बोलली डाक्टरीण?"

"दर महिन्याला दवाखान्यात न्यायचं. दुसऱ्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं सलाईनमधून देणार," बायको म्हणाली.

"पण आलं कुठून?"

बायको स्वयंपाकघरात गेली. सासूने माझ्याकडे पाहिलं. मी मुलाच्या सँडलचा बंद सोडवत राहिलो.

"बघ," ती आत बघून म्हणाली, "आज आकडे नाय सांगत. म्हंजे खरंच हाय."