यामिनीला हात लावू नका

गुढियारीच्या त्या पाऱ्यात, त्या मोहल्ल्यात, नीलिमाला कोणी भली म्हणत नाही. तोंडाळ म्हणतात, माजोरी म्हणतात. ती ऐकते आणि आपल्या चालीने चालत राहते. अशी ती जन्मापासून नव्हती; तिला तसं व्हावं लागलं.

तिची पोर यामिनी सात वर्षांची. बोलणं थोडं, नजर भलतीकडेच. ताटली फिरवत बसली की अख्खी दुपार सरते. कोणी अंगाला हात लावला की चटका बसल्यासारखी पळते. डॉक्टरीणबाईंनी ऑटिझम सांगितलं. हा उतरवायचा आजार नव्हे, म्हणाल्या. हिचं मन जगाला वेगळ्या वाटेनं भेटतं, आवाज आणि स्पर्श हिला फार लागतात. नीलिमाने त्याची मनाशी खूणगाठ बांधली. तिची नणंद मायाताई मात्र हसली.

मायाताई बुद्धविहारातली मोठी बाई. रविवारी बावीस प्रतिज्ञा तीच सगळ्यांकडून म्हणवून घ्यायची, भूतबाधा खोटी म्हणून बजावायची. यामिनी मायाताईच्या 'जय भीम'ला हात जोडत नाही, याचा तिला भारी राग. एका दुपारी हीच मायाताई भनपुरीहून झाडफूक करणारा बैगा घेऊन दारात उभी राहिली. मागे तिचा भाऊ, नीलिमाचा नवरा हरिदास, मान खाली घालून.

बैगाने निखाऱ्यांवर मिरच्या टाकल्या, काळा दोरा काढला आणि पोरीचं मनगट धरलं. यामिनी किंचाळली, त्याच्या हाताला चावली आणि खाटेखाली शिरली.

"पाह्य! दोरा पाहूनच भेलं आतलं," मायाताई म्हणाली.

"आतलं काही नाही, ताई. तुमचं मनगट दाबून नाकात मिर्ची कोंबली, तर तुमीबी अशाच बोंबलाल."

नीलिमाने पाण्याची बादली उचलली आणि निखाऱ्यांवर ओतली. "रविवारी भूतबाधा खोटी म्हणता, आन बुधवारी बैगा आणता? लाज नाही वाटत?"

"बहोत बोलून राहिली तू! यापुढं पोट्टीले विहारात आणू नको. लोकायले तरास होते."

"आणीन. ज्याले तरास होते, त्यानं घरी बसावं."

बैगा केव्हाच चप्पल शोधत होता. मायाताई शिव्या देत बाहेर पडली. हरिदास पुटपुटला, "माफी माग. मोठी बहीण हाय माझी."

"तुमी यामिनीचे बाप आहा. त्यानं तिचं मनगट धरलं, तवा काहून गप होते?"

हरिदासने पायात चप्पल सरकवली. तो बहिणीच्या मागे गेला.

नीलिमाने बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून दार लावलं, खिडकी लावली. मग खाटेशेजारी ओल्या फरशीवर आडवी झाली, पोरीपासून हातभर लांब. शिवली नाही, बोलली नाही. खाटेखालचं मुसमुसणं हळूहळू श्वासाएवढं झालं.

हरिदासने येऊन कडी वाजवली. मग जोरात वाजवली. यामिनी दचकली.

नीलिमाने दार उघडलं नाही.