पुसायचं राहिलेलं हरिण

काहीही काढलं की तो दोन पावलं मागे जायचा, मान वाकडी करून बघायचा आणि ओल्या अंगठ्याने ते पुसून टाकायचा. "जमलं नाही."

उत्तरेतल्या या हिंदी शहरात, लक्ष्मीबाई नगरात, आमच्या वरच्या मजल्यावर तो मामाकडे राहायचा. चित्रकलेची पदवी होती, पुरं झालेलं चित्र मात्र एकही नव्हतं. चहासुद्धा येरझारा घालत प्यायचा. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. त्याच्याकडे नुसतं पाहून आपल्याला धाप लागते.

डिसेंबरात माझ्या ऑफिसखालच्या बेकरीला काचा रंगवणारा हवा होता. मी त्याला तिथे चिकटवून दिलं. नाताळ काही याच्यासाठी थांबणार नाही, निदान इथे तरी हा काहीतरी पुरं करेल, असं मला वाटलं.

झाड झालं, घंटा झाल्या. सांताच्या गाडीच्या हरणाशी घोडं अडलं. तिसऱ्यांदा "जमलं नाही" म्हणत त्याने ते पुसलं, तेव्हा दारातून आवाज आला, "अहो, पुसलंत कशाला? गाढव म्हणून चांगलं होतं."

केक बांधायला नाताळापुरती ठेवलेली मुलगी होती ती. मूळची नागपूरची, वडील इथे सरकारी नोकरीत. त्याआधीचे दोन दिवस दोघं एकमेकांशी हिंदीत बोलत होती. त्या दिवशी स्वतःशी पुटपुटताना तो मराठीत सापडला.

मग हरिण रोज पुसलं जाऊ लागलं, कारण रोज ती बाहेर येऊन मत द्यायची. "कान बरे आहेत. पण चेहरा आमच्या मालकांसारखा आलाय." मालक वैतागले. "भाई, क्रिसमस इसी साल है ना?"

मला वेगळीच धास्ती होती. तिच्या वडिलांची बदली झाली होती. नवं वर्ष लागलं की काम संपणार आणि ती नागपूरला जाणार.

"अरे, बोल की तिच्याशी," मी जिन्यात त्याला गाठून म्हणाले.

"चार वाक्यं ठरवली होती ताई. जमली नाहीत."

माझं डोकंच फिरलं.

नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी मालकांनी काचा धुवायचं काम तिच्यावर टाकलं. तो फुटपाथवर येरझारा घालत होता. मी दाराशी चहाचा कप घेऊन बसले होते. झाड गेलं, घंटा गेल्या. हरणापाशी तिचं फडकं थांबलं. "हेही पुसू?"

तो जागच्या जागी उभा राहिला. "नको," तो म्हणाला. "हे जमलंय. आणि तुम्ही जाऊ नका. म्हणजे, गेलात तरी मी येतो."

फडकं पिळता पिळता ती म्हणाली, "या. पण घरच्यांसमोर बसून चहा प्यावा लागेल."

उन्हाळ्याच्या आत तो नागपूरला गेला. तिथे शाळेत चित्रकला शिकवतो, असं मामा सांगतात. आमच्या डोक्यावरच्या येरझारा थांबल्या आणि आता मलाच करमत नाही.

हरिण काचेवर अजून आहे. मे महिन्याच्या उन्हात कोल्ड कॉफी प्यायला आलेली माणसं विचारतात, "यह गधा किसने बनाया?"

"हिरन है जी," मालक गंभीरपणे सांगतात, आणि काच पुसताना फडकं त्याच्या कडेकडेने फिरवतात.